शिकविण्याचा अधिकार : सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षकी जीवनाचा एक विचार

१

दरवर्षी ३ जानेवारीस महाराष्ट्रातील शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेस हार घातला जातो. त्या निमित्ताने होणाऱ्या भाषणांत त्यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग हमखास सांगितले जातात. शाळेच्या वाटेवर अंगावर झेललेले शेण आणि चिखल हा पहिला प्रसंग. प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर वाहून नेताना जडलेला रोग आणि त्यातून आलेला मृत्यू हा दुसरा. दोन्ही प्रसंगांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या दरम्यान जवळजवळ अर्ध्या शतकाचे जे कर्तृत्व आहे ते या दोन चित्रांच्या आड दडते. सोसणारी आणि सेवा करणारी स्त्री ठळक होते. वर्ग घेणारी, शाळेची जबाबदारी वाहणारी, पुरुष सहशिक्षकांच्या बरोबरीने आणि त्यांच्या पुढे उभी राहणारी मुख्याध्यापिका अस्पष्ट राहते.

मराठी चरित्रवाङ्मयाने सावित्रीबाईंना दीर्घकाळ जोतीरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणूनच पाहिले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यानंतर कवयित्री आणि पत्रलेखिका म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे अभ्यासकांना शक्य झाले. तरीही त्यांच्या शिक्षकी पेशाकडे पेशा म्हणून पाहणारे लेखन थोडेच आहे. शिकावे कोणी, हा एकोणिसाव्या शतकातील गाजलेला वाद आहे. शिकवावे कोणी आणि शाळेच्या प्रमुखपदी कोणी बसावे, हा त्याच्या पोटातील दुसरा वाद आहे. सावित्रीबाईंचे आयुष्य या दुसऱ्या वादाच्या केंद्रस्थानी आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

२

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी आजच्या सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. घर माळी समाजाचे, शेतीवर राबणारे आणि गावात मान असलेले. पेशवाई बुडून तेव्हा तेराच वर्षे झाली होती. गावोगावच्या शाळा पंतोजींच्या असत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, मोडी वाचावी, हिशेब जमावा, एवढा तेथील अभ्यासक्रम. शिकणारी मुले बहुतांशी ब्राह्मण आणि व्यापारी घरांतील. शिकविणारा पंतोजी बहुधा ब्राह्मण आणि नेहमीच पुरुष. पाटलाच्या मुलीला गावात मान होता, पण त्या शाळेत तिला जागा नव्हती.

१८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. पुढे त्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. जोतीरावांची आई त्यांच्या लहानपणीच वारली होती. त्यांचा सांभाळ करणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर या सावित्रीबाईंच्या घडणीतही महत्त्वाच्या ठरतात. जोतीरावांनी घरी शिकवायला आरंभ केला तो या दोघींना. विधवा नातेवाईक स्त्री आणि तरुण सून अशा एकत्र शिकल्या, ही बाब तपशिलापुरती वाटली तरी लक्षणीय आहे. पुढे उघडलेल्या शाळांची पहिली शाळा अशी घरातच भरली होती.

मात्र घरगुती अक्षरओळखीवर हे शिक्षण थांबले नाही. जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंच्या पुढील अभ्यासाची जबाबदारी घेतली. पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचेही चरित्रकारांनी नोंदविले आहे. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा. सावित्रीबाई वर्गात उभ्या राहिल्या त्या केवळ सुधारकाची पत्नी म्हणून नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. शिकविणे ही शिकून घ्यावयाची विद्या आहे, अशी या दांपत्याची धारणा होती. त्या काळी हाताशी असलेले प्रशिक्षण त्यांनी पदरात पाडून घेतले होते.

३

मुलींच्या शाळेची कल्पना जोतीरावांच्या मनात कशी आली, हे त्यांनी पुढे १८५३ मध्ये ज्ञानोदय पत्रातून सांगितले आहे. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फरारबाई मुलींची शाळा चालवीत. ती पाहून आल्यावर त्यांनी पुण्यात तसा उद्योग करण्याचे ठरविले. नगरच्या त्या शाळेत मुली शिकत होत्या आणि त्यांना शिकविणारी एक स्त्री होती. पुण्यात मुली मिळविणे कठीण होते, पण शिक्षिका मिळविणे त्याहून कठीण होते. मुलगी परपुरुषापुढे बसणार नाही म्हणून शिक्षिका हवी. आणि मुलींना कोणी शिकविलेच नाही म्हणून शिक्षिका नाही. हे चक्र कोठे तरी तोडणे भाग होते. फुले दांपत्याने ते आपल्या घरातून तोडले.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांचे वय तेव्हा सतरा वर्षांचे होते. वाड्याचे मालक ब्राह्मण, शिक्षिका माळी समाजाची आणि समोर मोजक्या मुली. पुण्यासारख्या शहरात, पेशव्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, हे दृश्य अपूर्व होते. मिशनऱ्यांच्या शाळा शहरात होत्या. परंतु त्या परक्यांच्या, धर्मांतराच्या संशयाने वेढलेल्या. येथे शिकविणारी स्त्री याच मातीतील होती, आणि ती ज्या जातीची होती त्या जातीकडे ज्ञान देण्याचा अधिकार परंपरेने कधीच दिला नव्हता.

शाळेच्या वाटेवर जे घडले ते याच संदर्भात वाचले पाहिजे. बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींतून आलेली हकिकत सर्वपरिचित आहे. शेण, चिखल, खडे आणि शिव्या यांचा मारा सोसत सावित्रीबाई शाळेत जात, आणि शाळेत गेल्यावर लुगडे बदलीत. या माऱ्याचा रोख कोणावर होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुली शिकतात म्हणून राग होताच. परंतु रस्त्यावर गाठले जात होते ते शिक्षिकेला. शिकणारी मुलगी एका घराची रीत मोडते. शिकविणारी शूद्र स्त्री मात्र ज्ञान कोणी कोणाला द्यावे, ही सबंध उतरंडच उलथून टाकते. हा फरक विरोधकांनी आपल्या इतिहासकारांपेक्षा लवकर ओळखला होता, असे म्हणावेसे वाटते.

१८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली गोविंदराव फुले यांनी मुलगा आणि सून यांना शाळा किंवा घर यांतील एक निवडण्यास सांगितले. दोघांनी घर सोडले. पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली होती. पुढे सदाशिव गोवंडे यांच्या साहाय्याने जुन्या गंज पेठेत पुन्हा शिकविणे सुरू झाले. तेथे विष्णुपंत थत्ते हे ब्राह्मण गृहस्थ सावित्रीबाईंसमवेत शिकवीत. लहुजी मांग आणि राणबा महार हे आपापल्या वस्तीतील मुलांना समजावून शाळेत आणीत. या लहानशा उद्योगात जातींची जी सरमिसळ दिसते ती योगायोगाची नव्हती. मुले आणणारे, जागा देणारे, शिकविणारे आणि शिकणारे अशा प्रत्येक पायरीवर निरनिराळ्या थरांतील माणसे होती. शाळा कोणत्याही एका जातीची मिरास राहू नये, याची ती तजवीज होती.

४

३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या. थोड्याच काळात पट अठ्ठेचाळीसवर गेला. या शाळेच्या मुख्याध्यापिका सावित्रीबाई होत्या. विष्णुपंत मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर हे त्यांचे सहशिक्षक. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत अशा आणखी दोन शाळा निघाल्या. वाचन, व्याकरण, अंकगणित, इतिहास, भूगोल आणि नकाशे असे विषय तेथे शिकविले जात.

मुख्याध्यापिका या शब्दाचा त्या काळातील अर्थ आज सहजी ध्यानात येत नाही. वीस वर्षांची, माळी समाजातील एक स्त्री शाळेच्या प्रमुखपदी आहे आणि दोन पुरुष तिच्या हाताखाली शिकवीत आहेत. घरात जी स्त्री वडीलधाऱ्या पुरुषापुढे बसत नसे ती येथे पुरुषांच्या कामाची आखणी करीत होती. यासाठी दुसऱ्या कोणत्या घोषणेची गरज नव्हती. मुली रोज हे पाहत होत्या. पाठ्यपुस्तकात नसलेला हा धडा शाळेच्या रचनेतच होता.

मुलींच्या जाहीर परीक्षा होत, आणि त्या पाहण्यास शहरातील मंडळी लोटत. १८५३ च्या परीक्षेच्या सुमारास तिन्ही शाळांच्या मिळून दोनशेहून अधिक मुली पटावर होत्या. दक्षिणा फंडातून या शाळांना मासिक मदत मिळू लागली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतून हा निधी निर्माण झाला होता. त्यातील रक्कम मुलींच्या शाळेकडे वळावी, यातील ऐतिहासिक उपरोध कोणाच्याही ध्यानात यावा. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते गौरव झाला. शालजोडी देण्यात आली ती जोतीरावांना. शाळा काढणाऱ्याचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. शाळा चालविणारीसाठी मात्र सन्मानाची रूढ भाषाच तेव्हा उपलब्ध नव्हती.

सहकारी शिक्षिकेचे एक नाव सावित्रीबाईंच्याच पत्रात येते. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आणि वादही झाले. पत्रातील हा उल्लेख त्रोटक असला तरी त्याचा सूर बोलका आहे. आजारपणातही कामाचा भार कोणावर पडला असेल याची काळजी करणारी ती एका सहकारी स्त्रीची नोंद आहे. त्यात उपकाराची भाषा नाही. बरोबरीच्या व्यक्तीवरचा विश्वास आहे.

त्याच पत्रात भावाशी झालेला वाद आहे. महारामांगांसाठी हा उद्योग करून कुळाला बट्टा लावू नका, भटाच्या सांगण्याप्रमाणे वागा, असा भावाचा उपदेश. शेळी, गाय यांना तुम्ही जवळ घेता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, मग माणसाला माणूस का मानीत नाही, असा सावित्रीबाईंचा प्रतिप्रश्न. परिचितापासून अपरिचिताकडे, दृष्टांतापासून तत्त्वाकडे, अशी या वादाची चाल आहे. ती वर्गात रुळलेल्या शिक्षिकेची आहे. भावाला निरुत्तर करण्यापेक्षा त्याला विचार करावयास लावण्याकडे तिचा कल दिसतो.

५

सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक मराठी कवितेचा आरंभ ज्यांच्यापासून मानण्याचा प्रघात आहे त्या केशवसुतांचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला. या संग्रहाचे मूल्यमापन करताना त्यातील छंद, निसर्गचित्रे आणि विद्रोह यांची चर्चा होते. परंतु या कवितेतील निवेदिका प्रामुख्याने शिक्षिका आहे, हे सूत्र हाती धरले तर संग्रहातील विविध रचना एकमेकींशी जोडल्या जातात. मुलांना उद्देशून केलेला उपदेश, संवादरूप पद्य, विद्येची आणि इंग्रजी शिक्षणाची महती, शूद्रांच्या दुःस्थितीची कारणमीमांसा, या सर्वांत समोर श्रोता बसलेला आहे. ही कविता एकांतातील आत्मसंवाद नाही. समोरच्याला उमजावे म्हणून ती साधी झाली आहे. तिच्या साधेपणाला काव्यगुणांचा अभाव मानण्यापूर्वी तिचा वर्गाशी असलेला संबंध विचारात घेणे अगत्याचे आहे.

या शाळांचे सर्वांत मोठे फलित एका विद्यार्थिनीच्या निबंधात दिसते. मुक्ता ही मांग समाजातील मुलगी. तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात दोन अंकांत प्रसिद्ध झाला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. धर्मग्रंथ ज्यांना पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न आहे. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना गाडले जाई, याची ती आठवण देते. प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या स्त्रियांची स्थिती ती सांगते. दुःखाचे हे वर्णन दयेची याचना करीत नाही. ते युक्तिवाद करते. मांग मुलीने लेखणी हाती धरावी हे शाळेमुळे घडले. परंतु आपल्या लोकांविषयी आपणच बोलावे, हे धैर्य केवळ अक्षरज्ञानातून येत नाही. ज्या शाळेत एक शूद्र स्त्री प्रमुखपदी बसून बोलते आणि इतर ऐकतात, त्या शाळेत मुक्ता घडली होती. निबंधाचा आणि शाळेच्या रचनेचा हा संबंध अभ्यासकांनी अधिक बारकाईने तपासावा, असे सुचवावेसे वाटते.

६

या यशाची दुसरी बाजूही चरित्रात नोंदविली पाहिजे. शाळा वाढल्या तशी त्यांच्या व्यवस्थेसाठी समिती नेमण्यात आली. तीत शहरातील सुशिक्षित पुरुष होते. त्यांतील अनेकांनी मनापासून साहाय्य केले. जागा, पैसा आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि निर्णयाचे स्थान वर्गातून समितीकडे सरकले. वर्गाच्या प्रमुखपदी स्त्री होती, संस्थेच्या प्रमुखपदी नव्हती. सुमारे नऊ-दहा वर्षांनंतर जोतीराव या कामातून बाजूस झाले. त्याची कारणे सांगण्याची आवश्यकता नाही, एवढेच त्यांनी पुढे नमूद केले. मुलींच्या शाळा समितीने सरकारी शिक्षणखात्याकडे सोपविल्या, आणि खात्यातर्फे त्यांची व्यवस्था मिचेलबाईंकडे गेली. महारमांगांच्या शाळेपैकी एक १८८२ मध्येही चालू होती, पण तिची स्थिती समाधानकारक नसल्याचे जोतीरावांनीच लिहिले आहे.

येथे एक गोष्ट मनाला चटका लावते. शाळा टिकल्या, परंतु ज्या हातांनी त्या उभ्या केल्या ते हात त्यांत राहिले नाहीत. माळी समाजातील मुख्याध्यापिकेच्या जागी त्याच शाळेतून शिकलेली दुसरी मुख्याध्यापिका यावी आणि तिच्यानंतर तिसरी, अशी परंपरा रुजण्यापूर्वीच व्यवस्था बदलली. एका व्यक्तीने बंद दार उघडले तरी ते उघडे राहावे यासाठी व्यवस्थेत जागा लागते, हा या प्रकरणाचा बोध आहे. एकट्या सावित्रीबाईंच्या थोरवीचे गुणगान करताना ही उणीव विसरली जाते.

७

शाळेतील काम सुटले तरी शिकविणे सुटले नाही. त्याचे क्षेत्र बदलले. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे होत आणि त्यांची देखभाल सावित्रीबाई करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून लिहिलेल्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांची हकिकत येते. चिडलेला गाव दोघांच्या जिवावर उठला असता सावित्रीबाई मध्ये पडल्या. इंग्रजी कायद्याची जाणीव देऊन त्यांनी जमावाला आवरले आणि दोघांना पुण्यास धाडले. संतप्त समूहापुढे न डगमगता बोलण्याची ही शक्ती पुण्याच्या रस्त्यांवर आणि वर्गांत कमावलेली होती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुरोहिताशिवाय विवाह लावण्याची प्रथा समाजाने सुरू केली. धार्मिक विधीतील मध्यस्थ कोण असावा, हा प्रश्न आणि शाळेत शिक्षक कोण असावा, हा प्रश्न एकाच मुळाचे आहेत. दोन्ही ठिकाणी जन्माने मिळालेली मक्तेदारी नाकारली गेली. १८७६–७७ च्या दुष्काळात समाजाने जे काम केले त्याचा वृत्तांत २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून लिहिलेल्या पत्रात आहे. त्यातील निरीक्षणे नेमकी आणि क्रमवार आहेत. कार्यकर्त्यांना धीर देणारी आणि कामाची वाटणी पाहणारी व्यक्ती म्हणून सावित्रीबाई त्यातून दिसतात.

८

सावित्रीबाईंच्या शिक्षकी अनुभवाचे वैचारिक रूप पाहावयाचे तर हंटर आयोगापुढे जोतीरावांनी १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनाकडे वळावे लागते. त्यात आपण आणि आपली पत्नी यांनी मुलींच्या शाळेत अनेक वर्षे मिळून काम केल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या पुढील विधानांना या अनुभवाचा आधार आहे.

प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण असून त्यांतील थोडेच प्रशिक्षित आहेत, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो, अशी तक्रार जोतीराव मांडतात. शक्य तितके शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, ही त्यांची सूचना. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला अधिक समजतील, शेतीची वा सुतारकामाची अवजारे हाती धरण्याचा त्याला संकोच वाटणार नाही. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे दूर राहणारा शिक्षक हे करू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याबरोबरच प्रशिक्षित शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, आणि गावातील अन्य कामे देऊन त्याची प्रतिष्ठा वाढवावी, असेही ते सुचवितात.

या मांडणीत तीन गोष्टी एकत्र आहेत. शिक्षक लोकांमधून यावा, तो प्रशिक्षित असावा आणि त्याला मानाने जगता येईल इतका पगार मिळावा. यांतील पहिली तेवढी घेऊन उरलेल्या दोन सोडल्या तर जातीच्या नावाने केलेली एक नेमणूक तेवढी उरते. पहिली सोडून उरलेल्या दोन घेतल्या तर जुनीच उतरंड अधिक पगारावर चालू राहते. तसेच दोष येथे जन्माला दिलेला नाही. तो अंतर राखण्याच्या वृत्तीला दिलेला आहे. भवाळकर, थत्ते, गोवंडे, भिडे या मंडळींनी ते अंतर ओलांडले होते आणि फुले दांपत्याने त्यांना मनापासून सोबत घेतले होते. मागणी होती ती शिक्षकवर्गाचे दार सर्वांना खुले असावे याची.

त्याच आयोगापुढे त्याच वर्षी पुण्यातच पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षिका हव्यात आणि शाळा तपासण्यासाठी स्त्रिया नेमाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. जोतीरावांनी शिक्षकांच्या जातीचा प्रश्न उपस्थित केला, रमाबाईंनी शिक्षक आणि तपासनीस यांच्या लिंगाचा. सावित्रीबाईंची साक्ष झाली नाही. परंतु हे दोन्ही प्रश्न ज्या एका आयुष्यात एकत्र आले होते ते त्यांचे होते. तीस वर्षांपूर्वी चिपळूणकर वाड्यात त्यांनी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर काम करून दिले होते.

९

जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून वाद उद्भवला तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाच्या कार्यात त्यांनी नेतृत्वाची जागा घेतली. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. तरुणपणी शाळेची समिती पुरुषांची होती. उत्तरायुष्यात पुरुषांच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे जोतीरावांचे जीवनकार्य सांगणारे त्यांचे काव्यही याच काळातील. इतिहास सांगून श्रोत्यांना शहाणे करावे, ही शिक्षिकेची दृष्टी त्यातही कायम आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. यशवंतरावांनी शहराबाहेर ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रुग्ण आणण्याचे काम करू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या मृत्यूकडे त्यागाची परिसीमा म्हणून पाहिले जाते. आपल्या शाळेत ज्या वस्तीतील मुले यावीत म्हणून आयुष्यभर खटपट केली त्या वस्तीत त्यांचा वावर शेवटपर्यंत होता, हेही त्यातून कळते. निवेदनात जोतीरावांनी ज्या मिसळण्याची अपेक्षा शिक्षकाकडून केली होती, ती हीच.

१०

सावित्रीबाईंनंतर शिक्षिकांची संख्या वाढत गेली. परंतु त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या संख्येने मिटला नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. दलित समाजातील या शिक्षिकेला एका शाळेत नोकरी मिळाली, पण अस्पृश्य बाईच्या हाताखाली आमच्या मुली शिकणार नाहीत, अशा पालकांच्या तक्रारीवरून ती गेली. पुढे त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची स्वतंत्र शाळा काढली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात अशा स्त्रियांचे कार्य प्रकाशात आणले. भिडे वाड्यातील पहिल्या वर्गानंतर सत्तर वर्षांनीही आक्षेप होता तो शिकविणारीच्या जातीला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

२०१४ मध्ये पुणे विद्यापीठास सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. ज्या शहराने त्यांच्या अंगावर शेण फेकले त्या शहराच्या विद्यापीठाने त्यांचे नाव धारण करावे, ही घटना ऐतिहासिक न्यायाची आहे. त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना मात्र नावापाशी थांबून चालणार नाही. आपल्या विभागात, महाविद्यालयात आणि शाळेत शिकविणारे कोणत्या थरांतून आले आहेत? त्यांना प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन मिळते काय? प्राचार्यांच्या आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर कोण बसते? व्यवस्थापनाच्या समितीत कोणास जागा असते? सावित्रीबाईंच्या आयुष्याने हे चार प्रश्न एका क्रमाने पुढे ठेवले आहेत. पहिल्याचे उत्तर त्यांनी भिडे वाड्यात दिले आणि तिसऱ्याचे चिपळूणकर वाड्यात. दुसऱ्याचे उत्तर १८८२ च्या निवेदनात मागितले गेले. चौथ्या प्रश्नापाशी त्यांच्या शाळा त्यांच्या हातून गेल्या. त्यांच्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या अध्यापकवर्गाने आपले काम या चौथ्या प्रश्नापासून सुरू होते असे मानावे, हे या चरित्राचा विचार करताना ठामपणे सांगावेसे वाटते.